शिकागोची ये-जा आणि ती चालविणारी माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी शिकागो शहराचे नाव सांगितले. त्यांना वाटले असावे, हा कामगार संघटनेचा माणूस. शिकागो म्हणजे 1886 सालचा आठ तासांच्या दिवसाचा लढा, हे-मार्केट चौकातला तो बाँब, फासावर गेलेले कामगार पुढारी, आणि त्यातून निघालेला मे दिन. तो विषय मोठा आहे, पण दरवर्षी 1 मेला आम्ही लोक त्यावर बोलतोच. आज मी जरा वेगळा विषय घेतला आहे. शिकागोला माणूस जातो कसा आणि तिथून परत येतो कसा, एवढाच माझा विषय. प्रवासवर्णन म्हणून तो मांडण्याचा माझा अधिकार नाही. मी शिकागोला गेलेलो नाही. जे सांगणार आहे ते सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटांतून आणि आमच्या चळवळीच्या कागदपत्रांतून गोळा केलेले आहे. पण या सभागृहात बसलेल्या कितीतरी मंडळींची मुले-मुली आज अमेरिकेत आहेत, आणि तुमच्यापैकी काहीजण एकदा तरी तिकडे जाऊन आलेले असणार. तेव्हा हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

प्रवासी स्थानकाची इमारत पाहतो, गाडी पाहतो, खिडकीबाहेरचा देखावा पाहतो. आपली पेटी कोणी उचलली, आपले अंथरूण कोणी घातले, हे तो सहसा पाहत नाही. मला ते पाहायचे आहे. शिकागो हे त्यासाठी फार चांगले उदाहरण आहे; कारण ते शहर वाढले तेच मुळी लोकांच्या आणि मालाच्या ये-जा करण्यावर.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे पाचशे किलोमीटर लांब. त्याच्या दक्षिण टोकाजवळ, पश्चिम किनाऱ्यावर, शिकागो. पूर्वेकडून, म्हणजे न्यूयॉर्ककडून, वायव्येकडे किंवा पश्चिमेकडे लोहमार्ग न्यायचा तर सरोवर आडवे येते. दक्षिणेच्या टोकाला वळसा घातल्याखेरीज गत्यंतर नाही. त्या वळशावर हे शहर बसले आहे. 1848 साली दोन गोष्टी घडल्या. सरोवराला इलिनॉय नदीशी आणि तिच्यामार्फत मिसिसिपीशी जोडणारा कालवा सुरू झाला, आणि त्याच वर्षी शिकागोतून पहिली आगगाडी पश्चिमेकडे निघाली. 1840 साली ज्या गावात साडेचार हजारही माणसे नव्हती, त्याची वस्ती 1890 साली दहा लाखांच्या वर गेली. पन्नास वर्षांत एवढी वाढ! आणि ती पोटच्या लेकरांनी झालेली वाढ नव्हे. गाडीतून उतरलेल्या माणसांनी झालेली वाढ.

पण एक विचित्र गोष्ट पाहा. इतके लोहमार्ग शिकागोला येत, परंतु शिकागोतून आरपार जाणारी प्रवासी गाडी जवळजवळ नव्हतीच. प्रत्येक कंपनीने आपापले स्थानक बांधले होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरात सहा मोठी अंत्य स्थानके होती: युनियन, नॉर्थवेस्टर्न, ला-साल, डिअरबॉर्न, ग्रँड सेंट्रल आणि सेंट्रल. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला जाणारा प्रवासी एका स्थानकावर उतरे, सामानासकट घोडागाडीत आणि पुढे मोटारीत बसे, आणि दुसऱ्या स्थानकावर जाऊन दुसरी गाडी पकडी. ही ने-आण करणाऱ्या पार्मेली नावाच्या कंपनीचा धंदा 1853 पासून शंभर वर्षे नुसता यावर चालला. दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास रॉबर्ट यंग नावाच्या एका रेल्वेमालकाने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. तिचा मतलब असा, की डुक्कर गाडी न बदलता या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊ शकते, माणूस मात्र जाऊ शकत नाही. शिकागोच्या कत्तलखान्यांची कीर्ती ठाऊक असणाऱ्यांना तो टोला बरोबर लागला. जाहिरात गाजली, आणि काही थेट डबे सुरूही झाले. म्हणजे प्रवाशांची ही तक्रार जगाच्या कानावर गेली ती एका मालकाने केली म्हणून. त्या सहा स्थानकांमध्ये सामान वाहणाऱ्यांनी काय सोसले याची जाहिरात कोणी दिली नाही.

आपण घड्याळात जी वेळ पाहतो तिचाही या शहराशी संबंध आहे. पूर्वी अमेरिकेत गावोगावची वेळ वेगळी. डोक्यावर सूर्य आला की त्या गावाचे बारा वाजले. एकाच स्थानकात दोन-दोन, तीन-तीन घड्याळे, आणि चुकामूक होऊन अपघात. ऑक्टोबर 1883 मध्ये रेल्वे कंपन्यांचे प्रतिनिधी शिकागोत जमले आणि त्यांनी देशाचे वेळेचे पट्टे ठरवून टाकले. 18 नोव्हेंबर 1883 रोजी घड्याळे बदलली. सरकारने त्यासाठी कायदा केला तो 1918 साली! म्हणजे पस्तीस वर्षे अमेरिकेने आपली घड्याळे कंपन्यांच्या शब्दावर लावली. कंपनीच्या हातात केवढी सत्ता होती हे यावरून ध्यानात घ्या. पुढची हकीगत कळायला त्याचा उपयोग होईल.

आता त्या काळी तिथे गेलेल्या एका आपल्या प्रवाशाची आठवण करू. स्वामी विवेकानंदांचे शिकागोचे भाषण आपल्याला माहीत असते, शिकागोचा प्रवास माहीत नसतो. 31 मे 1893 रोजी ते आपल्या मुंबई बंदरातून बोटीवर चढले. कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग, जपान असे करीत जुलैच्या अखेरीस कॅनडातील व्हँकुव्हरला उतरले, आणि तेथून आगगाडीने शिकागोला पोहोचले. दोन महिन्यांचा प्रवास. पोहोचल्यावर कळले की सर्वधर्म परिषद सप्टेंबरात आहे. शहरात तेव्हा जागतिक प्रदर्शन भरलेले; महागाई भयंकर. जवळचे पैसे भराभर संपू लागले, म्हणून स्वस्ताई शोधीत ते बॉस्टनकडे गेले. सप्टेंबरात पुन्हा शिकागोला आले तेव्हा परिषदेच्या कार्यालयाचा पत्ता हरवला होता. चरित्रकार सांगतात, की ती रात्र त्यांनी रेल्वेच्या आवारात एका रिकाम्या मालडब्यात काढली. सकाळी सरोवराकाठच्या श्रीमंत वस्तीत दारोदार विचारीत फिरले. मळलेले कपडे आणि सावळा रंग पाहून दारे बंद झाली. थकून रस्त्याच्या कडेला बसले, तेव्हा समोरच्या घरातून श्रीमती हेल बाहेर आल्या आणि तुम्ही परिषदेचे प्रतिनिधी आहात काय, असे त्यांनी विचारले. 11 सप्टेंबरच्या टाळ्या त्यानंतरच्या. त्या टाळ्यांआधी तो मालडबा आहे, हे आपण विसरू नये. शहर तेच, माणूस तोच. पण तुम्ही कोण आहात हे विचारणारे कोणी भेटले तर पाहुणे ठरता, नाहीतर भिकारी.

त्याच 1893 साली अमेरिकेत मोठी मंदी आली. शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमन नावाच्या कारखानदाराने 1880 सालापासून एक गाव वसविले होते. गावाला नावही स्वतःचेच दिले. तो आगगाडीचे झोपण्याचे डबे बांधी. मखमली बैठका, झुलते दिवे, रात्री उलगडणारे पलंग, शुभ्र चादरी. डबे रेल्वेला विकायचे नाहीत. आपले डबे, आपले नोकर, रेल्वेने फक्त ओढून न्यायचे, असा त्याचा धंदा. गावातली घरे, दुकाने, वाचनालय, एवढेच काय, देऊळसुद्धा कंपनीचे आणि भाड्याने. मंदी येताच पुलमनने मजुरी सुमारे पाव हिश्शाने कापली; घरभाडे मात्र एक पैसाही उतरवले नाही. पगारातून भाडे वजा होऊन हातात काय पडत असेल ते सांगायला नको. 11 मे 1894 रोजी कामगारांनी संप केला. यूजीन डेब्स यांची रेल्वे कामगारांची नवी संघटना पाठीशी उभी राहिली, आणि जूनअखेर तिने ठरविले: ज्या गाडीला पुलमनचा डबा, ती गाडी आम्ही चालविणार नाही. लाखाहून अधिक कामगार या बहिष्कारात उतरले आणि शिकागोच्या पश्चिमेची वाहतूक ठप्प झाली.

पुढे काय झाले? टपालात अडथळा येतो असे कारण दाखवून सरकारने न्यायालयाचा मनाई हुकूम मिळविला. राज्याचे गव्हर्नर ऑल्टगेल्ड नको नको म्हणत असताना अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी शिकागोत लष्कर पाठविले. माणसे मेली, संप मोडला, डेब्स सहा महिने तुरुंगात गेले. गंमत अशी, की याच धामधुमीत, 28 जून 1894 रोजी, क्लीव्हलंड यांनी सप्टेंबरातील कामगार दिनाची राष्ट्रीय सुटी मंजूर करणाऱ्या कायद्यावर सही केली. सुटी दिली आणि आठवड्याच्या आत लष्कर धाडले. पुलमन 1897 साली वारला. दुसऱ्याच वर्षी इलिनॉयच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला, की कंपनीला असे गाव मालकीने ठेवता येणार नाही. आज ती वस्ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जपली आहे. शिकागोला गेलात तर जरूर पाहून या.

या संपाची गोष्ट सांगताना आम्ही संघटनेचे लोक एक पान हळूच उलटून पुढे जातो. ते पान मी आज वाचणार आहे. डेब्स यांच्या संघटनेत काळ्या कामगारांना प्रवेश नव्हता. डेब्स स्वतः त्याविरुद्ध बोलले, पण अधिवेशनात थोड्या मतांनी हरले. आणि पुलमनच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणारे पोर्टर होते सारे काळे! म्हणजे ज्या डब्यासाठी लढा, त्या डब्यात उभ्या असलेल्या माणसाला संघटनेचे दार बंद. संप मोडायला लष्कर आले हे खरे. पण दार आपणच लावून घेतल्यावर बाहेर राहिलेल्यांनी आपल्या मदतीला यावे कशाला? हा प्रश्न त्या काळच्या अमेरिकेपुरता नाही. कायम कामगाराच्या संघटनेत ठेकेदाराच्या कामगाराला जागा आहे काय, असे आज कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर विचारून पाहा.

या पोर्टर मंडळींची कहाणी मला फार शिकवून गेली. गुलामगिरी 1865 साली संपली. त्यानंतर लवकरच पुलमनने पूर्वी गुलाम असलेल्या माणसांना या कामावर घेतले. कारण उघड आहे. मालकाची मर्जी सांभाळण्याची सवय त्यांना जबरीने लावलेली होती, आणि ती सवय त्याला प्रवाशांना विकायची होती. पोर्टरने पेट्या उचलायच्या, पलंग घालायचे, रात्री सगळे झोपल्यावर बुटांना पॉलिश करायचे, आणि घंटी वाजली की हसतमुखाने हजर व्हायचे. पॉलिशचे पैसे त्याच्याच खिशातून. महिन्याचा पगार भरायचा तर चारशे तास किंवा अकरा हजार मैल. चारशे तास म्हणजे रोजचे तेरा तासांहून जास्त, आणि तेही महिन्याचे तीसही दिवस! पगार असा की बक्षिसीवाचून घर चालू नये. बक्षिसी ही प्रवाशाला उदारपणा वाटते; पण मालक जेव्हा ती हिशेबात धरून पगार ठरवितो, तेव्हा आपली मजुरी तो प्रवाशाच्या खिशातून भागवीत असतो, आणि कामगाराला ती मजुरी हात पसरून, हसून मिळवावी लागते.

आणखी एक. प्रवासी या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारीत: जॉर्ज. मालक जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचा नोकरही जॉर्ज. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखायची जुनी रीत, ती रुळांवर चढली. घरी त्या माणसाला बायको होती, मुले होती, प्रार्थनामंदिरात मान होता. डब्यात तो जॉर्ज. पुढे पोर्टरच्या खऱ्या नावाची पाटी डब्यात लावायचे कंपनीने मान्य केले. ती पाटी ही लहान गोष्ट नव्हे.

25 ऑगस्ट 1925 रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत या पोर्टरांनी आपली संघटना काढली. पुढारी म्हणून त्यांनी ए. फिलिप रँडॉल्फ या संपादकाला निवडले. तो पोर्टर नव्हता, म्हणून कंपनी त्याला कामावरून काढू शकत नव्हती. ही युक्ती आपल्याकडच्या संघटनांनाही ठाऊक आहे! शिकागोत कंपनीचे मुख्य ठाणे, आणि तिथली आघाडी मिल्टन वेबस्टर यांनी सांभाळली. कंपनीने माणसे काढली, हेर पेरले, स्वतःची ताबेदार संघटना उभी केली. 1928 साली संपाची घोषणा करून ती मागे घ्यावी लागली आणि सभासद गळू लागले. त्या पडत्या काळात पोर्टरांच्या बायकांनी मंडळे काढली, जेवणावळी आणि कार्यक्रम करून पैसा उभा केला. नवरा महिन्यातले बरेच दिवस गाडीवर. संघटना धरून ठेवली ती घरच्यांनी. 1935 साली मतदान झाले आणि संघटनेला मान्यता मिळाली. 25 ऑगस्ट 1937 रोजी, संघटनेच्या बरोबर बाराव्या वाढदिवशी, कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे तास चारशेचे दोनशे चाळीस झाले, पगारवाढ मिळाली, जादा कामाचा मोबदला मिळाला. एका बलाढ्य अमेरिकन कंपनीने काळ्या कामगारांच्या संघटनेशी केलेला असा हा पहिला मोठा करार. बारा वर्षे! आमच्या तरुण कार्यकर्त्यांना सहा महिन्यांत निकाल लागला नाही की कंटाळा येतो. त्यांना मी हा आकडा सांगत असतो.

आता शिकागोला येणाऱ्या दुसऱ्या एका प्रवाहाकडे वळू. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी गेली तरी जाच गेला नव्हता. वेगळे डबे, वेगळे नळ, मतदानाला मज्जाव, आणि जमावाने झाडाला टांगण्याची भीती. 1910 ते 1970 या साठ वर्षांत सुमारे साठ लाख काळी माणसे दक्षिण सोडून गेली. मिसिसिपी राज्यातली माणसे इलिनॉय सेंट्रल रेल्वेने सरळ उत्तरेला शिकागोत येत. तिथे काम आहे ही बातमी त्यांना कशी कळे? रॉबर्ट अ‍ॅबट यांनी 1905 साली काढलेले शिकागो डिफेंडर हे वर्तमानपत्र दक्षिणेत ठिकठिकाणी उघडपणे मिळणे कठीण. ते गाडीतून चोरून नेत आमचे हेच पोर्टर. 1910 साली शिकागोत चव्वेचाळीस हजार काळे लोक होते. दहा वर्षांत एक लाखावर गेले, आणि 1960 साली आठ लाखांवर. उलट दिशेने जाताना मात्र इलिनॉयच्या दक्षिण टोकाला, कैरो गावी, काळ्या प्रवाशांना उठवून वेगळ्या डब्यात बसवीत. तिकीट तेच, गाडी तीच. पुलाच्या अलीकडे नागरिक आणि पलीकडे अस्पृश्य. हा शब्द मी जाणूनबुजून वापरला; त्याचा अर्थ या मातीत कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

ऑगस्ट 1955 मध्ये एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा मुलगा शिकागोहून याच मार्गाने मिसिसिपीला नातलगांकडे सुटीला गेला. एका दुकानातील गोऱ्या बाईशी आगळीक केल्याचा आळ त्याच्यावर आला. 28 ऑगस्टच्या रात्री त्याला घरातून उचलून नेले आणि हाल करून मारले. 2 सप्टेंबरला त्याची पेटी आगगाडीने शिकागोला परत आली. आईने ठरविले, की पेटी उघडी राहील; माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे. हजारो माणसांनी रांगेत उभे राहून ते पाहिले. आरोपींना ज्यूरीने निर्दोष सोडले. पण त्याच वर्षी डिसेंबरात अलाबामाच्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायचे नाकारले, आणि तिथला बसबहिष्कार उभा करण्यात पुढाकार घेतला ई. डी. निक्सन या पुलमन पोर्टरने. 1963 सालचा वॉशिंग्टनचा तो प्रचंड मोर्चा, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग बोलले, त्याचे अध्यक्ष होते फिलिप रँडॉल्फ. डब्यातला जॉर्ज कुठपर्यंत जाऊन पोहोचला पाहा!

तोवर गाड्यांचे दिवस भरत आले होते. न्यूयॉर्क ते शिकागो धावणारी ट्वेंटिएथ सेंचुरी लिमिटेड ही नामांकित गाडी 1938 साली सोळा तासांत पोहोचे. ती डिसेंबर 1967 मध्ये बंद पडली. मोटारी आणि विमाने यांनी प्रवासी नेले. 1 मे 1971 पासून अ‍ॅमट्रॅक ही सरकारी पाठबळाची कंपनी लांबच्या प्रवासी गाड्या चालवू लागली. सहा स्थानकांपैकी लांबच्या गाड्यांना आता एकच उरले आहे, 1925 साली बांधून झालेले युनियन स्थानक. न्यूयॉर्कहून आज तिथे यायला गाडीला सुमारे वीस तास लागतात. म्हणजे 1938 पेक्षा जास्त! ज्या राष्ट्राने चंद्रावर माणूस नेला त्याची आगगाडी मंदावली; कारण रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांचे, आणि प्रवासी गाडीला वाट पाहत उभे राहावे लागते. प्रगती आपोआप होत नसते, हे सांगायला एवढे एक उदाहरण पुरे.

विमानाने जाणाऱ्यांसाठी आता थोडे व्यवहाराचे बोलतो. आपल्याकडची बहुतेक मंडळी ओहेअर विमानतळावर उतरतात. 1949 साली त्याला एडवर्ड ओहेअर या युद्धात पडलेल्या नौदल वैमानिकाचे नाव दिले; पूर्वीचे नाव ऑर्चर्ड प्लेस, म्हणून आजही तिकिटावर आणि सामानाच्या चिठ्ठीवर ओ-आर-डी ही अक्षरे दिसतात. ती पाहून गोंधळू नये. अमेरिकेत प्रथम जिथे उतराल तिथे पारपत्राची तपासणी होते, आणि पुढे दुसरे विमान असले तरी साधारणपणे सामान तिथेच उतरवून, जकातीतून नेऊन, पुन्हा सोपवावे लागते. तेव्हा दोन विमानांत पुरेसा वेळ ठेवावा. परदेशी विमानांतून येणारे सहसा पाचव्या इमारतीत उतरतात. इमारतींमधून ने-आण करणारी छोटी गाडी फुकट आहे. विमानतळावरून शहरात जायला 1984 पासून ब्लू लाइन नावाची शहरी आगगाडी आहे. ती रात्रंदिवस चालते, पाऊण तासात शहराच्या मध्यात नेते, आणि टॅक्सीच्या मानाने फार स्वस्त पडते, जरी विमानतळावर चढणाऱ्याला इतर स्थानकांपेक्षा जास्त भाडे पडते. युनियन स्थानकाला जायचे तर क्लिंटन या थांब्यावर उतरून थोडे चालावे. परत येताना तीच वाट उलटी. हिवाळ्यात बर्फ पडते, विमाने अडकतात. निघताना एक दिवस हाताशी असावा. आणि पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा. तो मोबाइलमध्ये आहे म्हणाल, तर मोबाइल बंद पडल्यावर तुमची आणि विवेकानंदांची स्थिती सारखीच. मालडबे मात्र आता कुलूपबंद असतात.

आपल्याकडचे वयस्क आईवडील अमेरिकेला निघाले की मुले त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवतात. गुडघे दुखतात म्हणून, आणि खरे सांगायचे तर इंग्रजीची भीती म्हणूनही. त्यात लाजण्यासारखे काही नाही. 1986 च्या कायद्याने अडचण असलेल्या प्रवाशाला ही मदत अमेरिकेत फुकट देणे विमान कंपनीवर बंधनकारक आहे. पण ती खुर्ची ढकलणारा माणूस कोणाचा? बहुधा विमान कंपनीचा नव्हे, ठेकेदाराचा. तो मैल-मैल चालतो, तुमची पेटी उचलतो, तपासणीच्या रांगेत तुमच्या वतीने बोलतो, आणि तुम्हाला मुलाच्या हाती सोपवून दुसऱ्या खुर्चीकडे वळतो. मला तर हा पोर्टरचाच वारस वाटतो. 2017 साली शिकागोच्या नगरसभेने विमानतळांवरील ठेकेदारांच्या कामगारांचे किमान वेतन वाढविणारा ठराव केला. तो खुर्ची ढकलणाऱ्यांनी, झाडणाऱ्यांनी, सामान चढविणाऱ्यांनी संप आणि मोर्चे केल्यानंतर. 2023 साली त्याच नगरसभेने, बक्षिसी मिळते म्हणून मूळ वेतन कमी ठेवण्याची सवलत टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचा ठराव केला. शंभर वर्षांपूर्वी पोर्टरांनी विचारलेला प्रश्न त्या शहरात अजून विचारला जातो आहे.

आणि जो माणूस आपल्याला कधीच दिसत नाही त्याचाही उल्लेख करतो. विमान उतरविणारे नियंत्रक सरकारी नोकर. ऑगस्ट 1981 मध्ये त्यांनी कामाचे तास आणि ताण यांसाठी संप केला, तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांवर नियंत्रकांना बडतर्फ केले. अमेरिकेतल्या संपांची धार त्यानंतर बोथट झाली असे मानतात. 2025 च्या शरद ऋतूत अंदाजपत्रकाच्या भांडणात सरकारचे काम त्रेचाळीस दिवस बंद राहिले. नियंत्रकांना पगार नाही, पण कामावर येणे सक्तीचे. माणसे थकली, कमी पडली, आणि शिकागोच्या दोन्ही विमानतळांसह चाळीस विमानतळांवरची उड्डाणे सरकारला कमी करावी लागली. पगार थकला म्हणून विमान जमिनीवर राहते, हे त्या दिवसांत प्रवाशांना कळले. एरवी ते कळत नाही.

श्रोतेहो, मी तुम्हाला प्रवासाला जाऊ नका असे सांगायला आलो नाही, जरूर जा. आमच्या पिढीला जे पुस्तकातच पाहावे लागले ते डोळ्यांनी पाहा. सरोवर पाहा, ती मोठी स्थानके पाहा, पुलमनचे गाव पाहा. बक्षिसी द्यायची तर द्या, ती तिथली रीत आहे. पण आपण उपकार केला असे मानू नका, आणि ती दिल्याने त्याचा हक्क फिटला असेही मानू नका. त्याच्या छातीवर नावाची चिठ्ठी असते. ती वाचा आणि त्या नावाने हाक मारा. त्यासाठी शिकागोपर्यंत जावे लागते असेही नाही. उद्या सकाळी तुमच्याच गावच्या स्थानकावर डबा झाडणाऱ्या बाईचे, सामान उचलणाऱ्या हमालाचे नाव विचारून पाहा. नाव कळल्यावर त्यांचे कामाचे तास किती, पगार किती आणि तो वेळेवर मिळतो की नाही, हेही विचारावेसे वाटेल. तसे वाटले, तर आजच्या या व्याख्यानाचे काम झाले असे मी समजेन.